पुण्यातील फलज्योतिष चाचणी (२००८) आणि मानसशास्त्रीय संशोधनाची विश्वासार्हता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानसशास्त्रात मोजणारा आणि ज्याचे मापन होते तो, दोघेही माणसेच असतात. त्यामुळे संशोधकाच्या अपेक्षा, त्याचे पूर्वग्रह आणि पदोन्नतीची निकड निष्कर्षात नकळत शिरण्याचा धोका या विषयात नेहमीच राहिला आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टापेल यांनी बनावट आधारसामग्री वापरल्याचे उघड झाले आणि या धोक्याची जगभर चर्चा सुरू झाली. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १०० मानसशास्त्रीय अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के अभ्यासांचे निष्कर्ष सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्यानंतर परिकल्पना आणि विश्लेषणाची पद्धत आधीच जाहीर करण्याचा, म्हणजेच पूर्वनोंदणीचा, आग्रह वाढला. या आग्रहामागील मूलतत्त्व महाराष्ट्रातील एका चाचणीत २००८ मध्येच प्रत्यक्षात आले होते. प्रस्तुत लेखात त्या चाचणीचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

विद्यापीठांतून फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये घेतला. अनेक वैज्ञानिकांनी त्यास विरोध केला, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर त्यांपैकी एक होते. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी आखली. पत्रिकेवरून व्यक्तीची बौद्धिक क्षमता ओळखता येते, हा तपासावयाचा दावा होता. बौद्धिक क्षमतेविषयीचा अंदाज कितपत सप्रमाण आहे, हा प्रश्न मूलतः मानसमापनाचाच होय. यापूर्वी १९८५ मध्ये शॉन कार्लसन यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतही ज्योतिषांच्या निवडीची तुलना व्यक्तिमत्त्व चाचणीच्या निष्कर्षांशी केली होती.

चाचणीची रचना

समितीच्या कार्यकर्त्यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम (तत्कालीन प्रचलित शब्दात मतिमंद) मुलांची जन्मविषयक माहिती गोळा केली. त्यावरून तयार केलेल्या २०० पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देऊन मूळ नोंदी विद्यापीठात सुरक्षित ठेवण्यात आल्या. प्रत्येक सहभागी ज्योतिषाला यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४० पत्रिका देण्यात आल्या. ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर आली तरच यश मानावयाचे, हा निकष आधीच ठरलेला होता.

प्रारंभी ५१ ज्योतिषी पुढे आले. त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठविली. कोणालाही २८ चा टप्पा गाठता आला नाही. सर्वाधिक गुण २४ होते आणि सरासरी २० हून कमी होती. सर्व २०० पत्रिका स्वीकारणाऱ्या एका ज्योतिष संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पूर्वघोषित निकषाचे महत्त्व

या चाचणीचे खरे मोल २४ या आकड्यातून समजते. नाणेफेकीप्रमाणे उत्तरे दिली तर ४० पैकी २८ वा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. २४ वा अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र सुमारे १३ टक्के असते. अर्थात, २७ जणांपैकी तीन-चार जणांना केवळ योगायोगाने तेवढे गुण मिळणे अपेक्षितच आहे. निकष आधी ठरलेला नसता, तर ‘६० टक्के अचूकता’ असे म्हणून हाच आकडा यश म्हणून मांडता आला असता. आधारसामग्री पाहिल्यानंतर निकष निवडण्याचा हा मोह मानसशास्त्रातील अनेक डळमळीत निष्कर्षांच्या मुळाशी आहे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. चाचणी आखणारे तटस्थ नव्हते. फलज्योतिषाविषयीची त्यांची भूमिका सर्वांस ठाऊक होती. तरीही चाचणी विश्वासार्ह ठरते, कारण नोंदी सांकेतिक होत्या, त्या आयोजकांच्या हाती नव्हत्या आणि निकष बदलण्यास वाव ठेवला नव्हता. संशोधकाने स्वतःस निःपक्षपाती म्हणवून घेतल्याने पूर्वग्रह दूर होत नाही. स्वतःचे हात बांधणारी कार्यपद्धती स्वीकारल्यानेच तो आवरता येतो.

चाचणीच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. सुमारे निम्म्या सहभागींनी उत्तरे पाठविली नाहीत, आणि तपासला गेला तो एकच दावा. परंतु ही माहिती प्रसिद्ध निबंधातूनच वाचकास मिळते. मर्यादा तपासता येणे हेच पारदर्शकतेचे लक्षण होय.

आपल्या विद्यापीठीय संशोधनासंदर्भात

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासह देशातील विद्यापीठांत पीएच.डी.चा संशोधन आराखडा आधारसामग्री जमविण्यापूर्वीच मंजूर होतो. त्यात परिकल्पना, नमुना आणि साधने नमूद असतात. म्हणजे पूर्वनोंदणीचा पाया आपल्याकडे घातलेलाच आहे. मंजूर आराखड्यांसाठी ‘शोधगंगोत्री’ आणि प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे इन्फ्लिबनेटचे संग्रह उपलब्ध आहेत. उणीव आहे ती दोहोंची तुलना करण्याची. आराखड्यातील कोणती परिकल्पना बदलली, कोणती वगळली आणि का, याचे एक पृष्ठ प्रबंधास जोडणे बंधनकारक केल्यास कोणत्याही नव्या खर्चाविना मोठी सुधारणा होऊ शकेल. फेटाळल्या गेलेल्या परिकल्पनांनाही महाविद्यालयीन नियतकालिकांनी स्थान द्यावयास हवे.

निष्कर्ष

डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या चाचणीने फलज्योतिषाचा वाद मिटला नाही. तथापि संशोधनाची विश्वासार्हता निष्कर्ष कोणता निघाला यावर नव्हे, तर तो निघण्यापूर्वी कोणते नियम मान्य केले होते यावर अवलंबून असते, हा धडा तिने दिला. मानसशास्त्राच्या अध्यापकांनी व मार्गदर्शकांनी तो आपल्या विभागापासून अमलात आणणे, ही आजची गरज आहे.