केरळच्या शाळांतील संगणक

भारतातील शाळांत संगणक आला तो १९८४ साली. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या प्रकल्पाने सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. त्यांची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधले एक छायाचित्रही मावणार नाही इतकी. पण या यंत्राची एक गंमत होती. बटण दाबले की पडदा थेट बेसिक भाषेतील आज्ञा लिहून घ्यायला तयार असे. विद्यार्थ्याने चार ओळी लिहिल्या की चौदाचा पाढा उमटायचा. त्यातला एक आकडा बदलला की पंधराचा. यंत्राला काय सांगितले आणि त्याने काय केले, यांच्यातला संबंध डोळ्यांपुढे असायचा.

नव्वदच्या दशकात खिडक्या, चित्रे आणि माउस आले. संगणक वापरणे सोपे झाले, यात शंका नाही. शाळेतला संगणकाचा तास मात्र टंकलेखनाच्या वर्गासारखा होऊ लागला. अक्षर ठळक करायची आज्ञा कोणत्या यादीत आहे, छपाईसाठी कुठे टिचकी मारायची, हे पाठ करायचे आणि परीक्षेत लिहायचे. आज्ञावलीच्या आत डोकावण्याची सोयच नव्हती. प्रोग्रामर जी मूळ आज्ञावली लिहितो ती कंपनीजवळ राहते. आपल्या हाती पडते ते तिचे यंत्रभाषेतील रूप. ते चालते, पण माणसाला वाचता येत नाही, आणि परवान्याच्या अटींमुळे शेजारच्या शाळेला देताही येत नाही.

या पद्धतीला अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये पर्याय जाहीर केला. त्यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाची आज्ञावली कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी आणि वाटावी, अशी कल्पना होती. १९८९ मध्ये आलेल्या परवान्याने तिला कायदेशीर रूप दिले आणि एक अट घातली: बदललेली आज्ञावली वाटणाऱ्याने पुढच्यालाही हेच हक्क द्यायचे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स हा संगणक प्रणालीचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून एक पूर्ण मुक्त प्रणाली उभी राहिली.

आता केरळकडे वळू. अवकाशशास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार तिथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. आठवी ते दहावीच्या मुलांना संगणक शिकवायचा होता. सुरुवातीचे पाठ्यपुस्तक मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर आणि तिच्याच कार्यालयीन आज्ञावल्यांवर बेतलेले होते. त्या काळी कोणालाही हे वावगे वाटले नसते. आमच्याही प्रयोगशाळेत तेच चालले होते.

वावगे वाटले ते तिथल्या शिक्षकांना. शिक्षक संघटनेने आक्षेप घेतला, की सरकारी पैशाने छापलेले पुस्तक एकाच कंपनीच्या मालाची ओळख का करून देते? भाषेच्या तासाला आपण एखाद्या कंपनीचे पेन कसे धरावे हे शिकवत नाही, लिहायला शिकवतो. योगायोग असा, की त्याच वर्षी, जुलै २००१ मध्ये, तिरुवनंतपुरममध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली होती. त्यामुळे पर्याय दाखवू शकणारी माणसे हाकेच्या अंतरावर होती.

पुढची काही वर्षे ओढाताणीची गेली. ज्यांनी नुकतेच एका प्रणालीचे प्रशिक्षण घेतले होते, त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकायचे होते. पन्नाशीच्या शिक्षकाला आपल्याच विद्यार्थ्यासमोर अडखळण्याची जी भीती वाटते, ती वाचकांना आम्ही समजावून सांगायला नको. केरळने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रशिक्षक बाहेरून आणले नाहीत. शाळांतल्याच गणिताच्या, विज्ञानाच्या, भाषेच्या शिक्षकांना निवडून तयार केले. प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे संगणकाची जबाबदारी सोपवली. देबियन या मुक्त प्रणालीवरून शाळांसाठी वेगळी आवृत्ती बनवली आणि पाठ्यपुस्तके तिच्यावर बेतली. काही काळ दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदल्या. २००८ पर्यंत मात्र दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षा संपूर्णपणे मुक्त प्रणालीवर होऊ लागली. आमच्या मते निर्णायक ठरली ती ही परीक्षा. परीक्षेत नसलेली गोष्ट आपल्याकडे वर्गात टिकत नाही.

मुक्त असण्याचा वर्गात नेमका काय उपयोग, असे कोणी विचारले तर आम्ही केजिऑग्राफी या लहानशा आज्ञावलीचे उदाहरण देतो. ती नकाशा दाखवून ‘अमुक प्रदेश कुठे आहे’ असे विचारते. तिच्या पोटात प्रत्येक नकाशासाठी दोनच गोष्टी असतात: एक चित्र, ज्यात प्रत्येक प्रदेश वेगळ्या रंगाने भरलेला आहे, आणि एक साधी मजकुराची फाइल, जिच्यात कोणता रंग म्हणजे कोणता प्रदेश हे लिहिलेले आहे. रंग तीन आकड्यांनी सांगायचा: लाल किती, हिरवा किती, निळा किती. हे कळले की कोणीही आपल्या जिल्ह्याचा नकाशा त्यात घालू शकतो. आम्ही काही विद्यार्थ्यांबरोबर सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके घालून पाहिले. पहिल्या प्रयत्नात कोरेगाव बरोबर यायचा, पण त्याच्या सीमेजवळ टिचकी मारली की यंत्र गोंधळायचे. चित्र काढण्याच्या आज्ञावलीने कडा सुबक दिसाव्यात म्हणून दोन रंगांच्या मधले रंग भरून ठेवले होते, आणि ते रंग आमच्या फाइलीत नव्हते! चूक सापडायला दुपार गेली. त्या दुपारी मुले भूगोल शिकली की संगणक, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही.

भाषेचाही प्रश्न होता. मलयाळममधील जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटत नसत. आज्ञावली बंद असती तर कंपनीला पत्र लिहून वाट पाहावी लागली असती. इथे २००२ पासून ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या गटातील स्वयंसेवकांनी अक्षरवळणे तयार केली, चुका शोधल्या आणि स्वतः दुरुस्त केल्या. मराठीत ‘दऱ्या’मधला अर्धा र किंवा ‘अ‍ॅ’ हे अक्षर लिहिताना झालेला मनस्ताप ज्यांना आठवतो, त्यांना याचे मोल कळेल. ‘अ‍ॅ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये.

सगळीकडे असे घडले नाही. स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा हा तुलनेने गरीब प्रांत. त्याने केरळच्याही आधी, २००२ मध्ये, ‘लिनेक्स’ ही स्वतःची प्रणाली शाळांत आणली. दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक दिला. चित्रांच्या आज्ञावलीला तर तिथलेच चित्रकार सुर्बारान यांचे नाव दिले. २०११ मध्ये सत्तापालट झाला आणि प्रांतिक सरकारने त्या कामाची जबाबदारी सोडून दिली. केरळमध्येही त्या वीस वर्षांत सरकारे आलटून पालटून बदलली, पण प्रकल्प टिकला. केरळ सरकार यातून झालेल्या बचतीचे मोठे आकडे सांगते. पैसे वाचले हे खरेच; पण निव्वळ स्वस्त म्हणून आलेली गोष्ट दुसरे कोणी फुकट देऊ लागले की जाते. केरळमध्ये ती शिक्षकांच्या हातात होती, म्हणून तिला हलवणे अवघड गेले, असे आम्हाला वाटते.

२०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१८ मध्ये पंचेचाळीस हजार वर्ग संगणक आणि प्रक्षेपकांनी सज्ज करण्यात आले, तेही मुक्त प्रणालीवर. मग महासाथ आली. शाळा बंद आणि मुलांच्या हाती आईवडिलांचे मोबाइल. २०२१ मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी केरळनेही गूगलच्या जी-सूटचा आधार घेतला, आणि मुलांची माहिती कोणाच्या संगणकावर साठणार, हा प्रश्न लगेच विचारला गेला. या वेळीही विचारणाऱ्यांत शिक्षक होते.