मांजराची नोकरी कशी गेली

1868 साली लंडनच्या मनीऑर्डर ऑफिसात तीन मांजरं कामाला ठेवली गेली. उंदरांनी उच्छाद मांडला होता. तिथल्या साहेबाने तिघांसाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले, वरून मंजूर झाला एक. बाकीचं पोट उंदरांवर भरायचं. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर भत्ता आणखी कापणार. प्रोबेशनच की! फक्त पीपीटी करावी लागली नाही, एवढंच.

माझा पेढा, तीन वर्षांचा तांबूस बोका, ह्यांच्याच खानदानातला, पण बेकार. नोकरीला मी जाते. सकाळी साडेआठला हिंजवडीची बस, घरी यायला रात्रीचे आठ. तोवर तो चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीत. आजीला हे बिलकुल पटत नाही. "मांजर काय कोंडून ठेवायची वस्तू आहे का गं?" तिची मनी कणगीपाशी झोपायची. सकाळी दूध-भाकरी, पुढचं तिचं तिने बघायचं. म्हणजे लंडनचाच करार.

आणि इतिहास आजीच्याच बाजूने आहे. माणसाने धान्य साठवलं, उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. त्या बेटावर मांजरं मूळची नव्हेतच, म्हणजे कुणीतरी होडीत घालून नेली असणार. एवढ्या जुन्या सोबतीत चोवीस तास घरात राहणारं मांजर सर्रास दिसायला लागलं ते अगदी काल-परवा. अडचण साधी होती. शी-शू.

1947 साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅसोपोलिस गावात, एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. थंडीने तिची वाळू गोठली होती आणि मांजरासाठी राख वापरावी तर घरभर काळे पंजे उमटत. लोच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल टिपणारे पदार्थ विकण्याचा. त्याने तिला त्यातली एक माती दिली, जिची बहीण आपण मुलतानी माती म्हणून तोंडाला फासतो. बाईला ती इतकी आवडली की लोने पिशव्यांवर 'किटी लिटर' असं लिहून दुकान गाठलं. पाच पौंडांना 65 सेंट. दुकानदार म्हणाला, वाळू मातीमोलाने मिळत असताना हे कोण घेईल? मग फुकट वाट, लो म्हणाला. लोक परत आले, पैसे घेऊन.

म्हणजे पेढा माझ्या वन-बीएचकेत राहू शकतो तो ह्या मातीमुळे. (आणि तयार खाण्यामुळे. मांजराला टॉरिन लागतं, मनी ते उंदरांतून मिळवायची. तयार खाण्यात ते कमी पडलं की हृदय बिघडतं, हे 1987 साली कळलं.)

पुढे 1980च्या दशकात बेन्टोनाइट आलं. शू पडली की ह्या मातीचा घट्ट गोळा होतो, तेवढाच उचलून टाकायचा. मी हे नुसती सोय म्हणून वापरत होते. वास्तविक तो लॉग आहे. मी नसताना साडेअकरा तास घरात काय झालं, ह्याची लेखी नोंद तेवढीच.

मागच्या पावसाळ्यात, रिलीजच्या आठवड्यात, मी रात्री अकराला घरी येत होते. एके रात्री ट्रेमध्ये एकच गोळा होता, तोही सुपारीएवढा. बरं झालं, काम वाचलं, असं म्हणून झोपले. दुसऱ्या रात्री पेढा ट्रेमध्येच बसून कण्हत होता. मूत्रमार्ग बंद. बोक्यांचा तो अरुंद असतो, तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी रात्रीच नळी घातली. "शेवटची शू नीट कधी केली?" त्यांनी विचारलं. अख्खा दिवस दुसऱ्यांचे लॉग वाचणाऱ्या मला उत्तर देता येईना.

आता एक किल्ली खालच्या काकूंकडे असते. दुपारी एकला त्या वर जातात, पाणी बदलतात, त्याच्याशी पाच मिनिटं दोरीने खेळतात आणि ट्रेचा फोटो पाठवतात. परवा क्लायंटसमोर डेमो चालू असतानाच आला. दोन गोळे, लिंबाएवढे. खाली काकूंचा अंगठा.