दोषातून जन्मलेला फोम

पलंगाच्या उशाकडच्या फळीचे जुने रेक्झिन आपण बदलायला घेतले, की आतून पिवळा पडलेला, बोटाने चुरा होणारा फोम निघतो. हा पदार्थ तसा अलीकडचा. त्याआधी युरोपात गाद्या-खुर्च्यांत घोड्याचे केस भरत. केसांना पीळ देऊन दोर वळायचा, तो उकळायचा, वाळवायचा आणि मग उसवायचा. केसांना पडलेली वेटोळी टिकून राहत, म्हणून दाबले तरी ते पुन्हा वर येत. आपल्याकडच्या कापसाला हे तितकेसे साधत नाही. तो दबून बसतो आणि पिंजाऱ्याला बोलवावे लागते.

१९३७ साली जर्मनीत लेव्हरकूझेन येथे ओट्टो बायर व सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन बनवले. मिश्रणात पाण्याचा अंश असला, की आयसोसायनेटशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघे व पदार्थात बुडबुडे राहत. आरंभी हा दोषच वाटला. (पाव फुगतो तोही याच वायूने; वर्गात हे साम्य जरूर दाखवावे.) पुढे तोच दोष मुद्दाम घडवून १९५०च्या दशकात मऊ फोम बाजारात आला. हलका आणि घरच्या सुरीने कापता येणारा!

पण याच सच्छिद्रपणामुळे तो झपाट्याने पेटतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या एका दुकानात असे फर्निचर पेटून १० जण दगावले. ब्रिटनने १९८८ मध्ये कडक नियम केले. फोम घेताना तो ज्वालारोधक आहे का, हे आम्ही दुकानदाराला विचारतो. बहुतेकदा त्याला ते ठाऊक नसते.