बँडवाला आणि सोलोइस्ट

विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही जाहिरात ओळखीची असेल. वाचनालयात किंवा सुपरमार्केटच्या फलकावर एक रंगीत कागद लावलेला असतो : विद्यार्थ्यांच्या हार्मोनी ऑर्केस्टचा कॉन्सर्ट, अमुक वारी रात्री सव्वाआठ वाजता, पाहुणा कलाकार ट्रम्पेटवर. हार्मोनी म्हणजे आपली पेटी नव्हे, एवढे इथे आल्यावर लवकरच कळते. मग कोणी सांगते, "अहो, म्हणजे बँडच." आणि विषय तिथेच संपतो. आपल्याकडे 'बँडच' म्हटल्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. या लेखात त्या 'बँडच'ची हकिगत थोडी मागे जाऊन पाहू.

आधी नावे नीट लावून घेऊ. हॉलंडमध्ये फुंकून वाजवायच्या वाद्यांचे तीन तऱ्हेचे वाद्यवृंद आहेत. हार्मोनीत बासरी, क्लॅरिनेट, ओबो, सॅक्सोफोन ही वाद्ये आणि ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये, शिवाय ढोल-ताशे सगळे असते. फानफारेत क्लॅरिनेट नसतात. तिथे सॅक्सोफोन आणि गोल आवाजाचे ब्युगल यांचे राज्य. ब्रास बँडमध्ये फक्त पितळ आणि ताल. फानफारे हा प्रकार तर जगात मुख्यतः हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि उत्तर फ्रान्स एवढ्याच पट्ट्यात टिकून आहे. विद्यापीठांत बहुधा हार्मोनी असते. एन्स्खेडेच्या ट्वेंटे विद्यापीठातील 'स्टुडेंटन हार्मोनी ऑर्केस्ट ट्वेंटे' हे त्याचे एक उदाहरण.

आता ट्रम्पेटकडे येऊ. जुना ट्रम्पेट म्हणजे आपल्या तुतारीचा चुलतभाऊच. नुसती नळी, ना भोक ना बटण. ओठांच्या दाबावर जेवढे स्वर निघतील तेवढेच. खालच्या सप्तकांत सा, प, मग वरचा सा, ग, प एवढेच सापडतात. सलग सरगम हवी तर फार वर चढावे लागते. म्हणून हे वाद्य राजाची स्वारी, घोडदळ आणि युद्धाचा इशारा यांसाठीच असे. ते कोणी वाजवावे यालाही बंधन होते. जर्मन साम्राज्यात १६२३ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनंड याने ट्रम्पेट आणि नगारा वाजवणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. संघाबाहेरच्याने ट्रम्पेट हाती धरणे हा गुन्हा ठरे. विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई आणि बाहेर फुटू नये म्हणून जपली जाई. वाद्य कोणी वाजवायचे हे ठरवून देण्याची रीत फक्त आपल्याच देशाची नव्हे, हे इथे ध्यानात ठेवायला हवे.

ही कोंडी फुटली ती दोन टप्प्यांत. व्हिएन्नाच्या दरबारातील आंटोन वायडिंगर याने चाव्या लावलेला ट्रम्पेट तयार केला आणि त्याच्यासाठी चौसष्ट वर्षांच्या हायडनने १७९६ मध्ये एक कॉन्चेर्टो लिहिला. तो लोकांसमोर वाजला १८०० मध्ये. खालच्या सप्तकात ट्रम्पेट सलग गाणे गातो, हे ऐकणाऱ्यांना नवलच वाटले असणार. पुढे श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी दट्ट्याची म्हणजे व्हॉल्व्हची युक्ती काढली आणि १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. बोट दाबले की नळीची लांबी वाढते आणि स्वर उतरतो, एवढीच ती युक्ती. पण तीन दट्ट्यांत बाराही स्वर आले. १८४६ मध्ये बेल्जियमच्या दिनान गावच्या आडोल्फ साक्सने सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. १८६४ मध्ये पॅरिसच्या आर्बाने कॉर्नेटची शिकवणी छापली. आजही ट्रम्पेट शिकणारी मुले त्याच पुस्तकावर घासतात. वाद्य कारखान्यात तयार होऊ लागले आणि विद्या पुस्तकात आली. खाणकामगार, लोहार, शाळामास्तर, ज्याला फुंकायची हौस तो वादक होऊ शकत होता.

हॉलंडमध्ये या हौसेला घर मिळाले ते 'फेरएनिगिंग'चे, म्हणजे मंडळाचे. गावोगाव मंडळे निघाली. वर्गणी सर्वांनी भरायची, वाद्ये आणि गणवेश मंडळाचे, आठवड्यातून एक रात्र तालीम, पगारी असलाच तर फक्त संचालक. भांडणेही झालीच. कॅथलिकांचा बँड वेगळा, प्रॉटेस्टंटांचा वेगळा, समाजवाद्यांचा वेगळा. लिंबुर्गमधल्या थोर्न या चिमुकल्या पांढऱ्या गावात दोन हार्मोनी आहेत आणि लोक त्यांना 'बोकड' आणि 'शेळ्या' म्हणतात! एका गावात दोन गणपती मंडळे पाहिलेल्या आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये. कारखान्यांनीही बँड काढले. आपल्यातल्या आइंडहोव्हनकरांना माहीत असलेल्या फिलिप्स कंपनीची फिलिप्स हार्मोनी १९११ ची.

केर्क्राडे या कोळसा खाणींच्या गावात १९५१ मध्ये वाद्यवृंदांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. ती साधारण दर चार वर्षांनी भरते; २०२१ ची करोनामुळे २०२२ मध्ये झाली. मधल्या काळात गावाचा पोटाचा धंदाच गेला. १७ डिसेंबर १९६५ रोजी हेर्लेनच्या नाट्यगृहात मंत्री योप डेन आउल यांनी खाणी बंद करण्याची घोषणा केली आणि १९७४ च्या अखेरीस शेवटची कोळशाची खाणही बंद पडली. खाणी गेल्या, पण स्पर्धा राहिली. कारण इथे बँड हे पोट भरण्याचे साधन नव्हते. गावाचे ते मंडळ होते, आणि मंडळ धंदा बुडाल्यावरही टिकते.

विद्यार्थ्यांची हार्मोनी हे याच झाडाचे फळ आहे. शाळेत असताना गावच्या मंडळात ए, बी, सी, डी अशा परीक्षा देत शिकलेली मुले इंजिनियरिंगला किंवा डॉक्टरीला आली की क्लॅरिनेटची पेटी सायकलला अडकवून तालमीला जातात. चार-पाच वर्षांनी ती शिक्षण संपवून जातात, नवी येतात. दरवर्षी वाद्यवृंद नव्याने जुळवावा लागतो. स्वतः हार्मोनीसाठी पुष्कळ संगीत लिहिणारा हेंक बाडिंग्स हाही डेल्फ्टमधून खाणकामाचा इंजिनियर होऊन बाहेर पडलेला होता. त्याचा जन्म १९०७ मध्ये जावातल्या बांडुंगचा.

मग पाहुणा सोलोइस्ट कशासाठी? तिकिटे खपतात हे एक कारण आहेच. खरे कारण शिकण्याचे आहे. एरवी हार्मोनीला जोरात वाजवायची सवय असते. समोर एकटा ट्रम्पेट उभा राहिला की साठ जणांना श्वास आवरून हळू वाजवावे लागते, आणि ते फार कठीण. त्यातून हार्मोनीत स्वतःचे ट्रम्पेट असतातच. त्यांच्या आवाजात पाहुण्याचा आवाज बुडू नये म्हणून संगीत लिहिणारा साथ विरळ करतो. पाहुणा बहुधा शेवटच्या एक-दोन तालमींनाच येतो, म्हणून आधीचे कित्येक आठवडे मुले त्याची जागा मोकळी सोडून वाजवतात. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर हायडनचा कॉन्चेर्टो काळी दोनमध्ये आहे आणि आर्मेनियाच्या आरुत्युन्यानचा १९५० चा कॉन्चेर्टो काळी चारमध्ये. साधा ट्रम्पेट मुळात काळी पाचचाच असतो, त्यामुळे बँडवाल्यांना या काळ्या पट्ट्या हाताला सोप्या जातात. मध्यंतरानंतर मोठी रचना असते. त्यात योहान डे मेय या डच संगीतकाराची १९८८ मध्ये ब्रुसेल्सला प्रथम वाजलेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही सिंफनी जगभर वाजते. शेवटी सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते, हा इथला रिवाजच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. युरोपी ट्रम्पेट आपल्याकडे पहिल्यांदा आला तो जहाजांवरून. पोर्तुगीज गोव्यात होतेच. डच कंपनीची वखार सतराव्या शतकात, १६३७ पासून, वेंगुर्ल्याला होती आणि कंपनीच्या जहाजांवर ट्रम्पेट वाजवणारा नोकर असे. पण तो घरोघर पोहोचला इंग्रजी पलटणींमुळे. पलटणींचे बँड पाहून संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले, आणि ते पाहून शहरांत वरातीचे बँड निघाले. पलटणीचा गणवेश, झालरी, टोप्या सगळे वरातीत आले. ही वाद्ये हाती घेतली ती मात्र बहुधा ज्यांच्या घरी वाजवण्याचे काम आधीपासून होते त्यांनीच. सनई, हलगी, संबळ वाजवणारे मातंग, होलार, घडशी अशा समाजांतले लोक आणि कितीतरी मुसलमान घराणी त्यात होती. वाद्य नवे आले, दट्ट्यांत बारा स्वर आले, पण ते कोणी वाजवायचे ही जुनी वाटणी तशीच राहिली. युरोपात १६२३ ची सनद मोडीत निघाली. आपल्याकडची सनद कागदावर कधी नव्हतीच, त्यामुळे ती फाडताही आली नाही.

वरातीतला ट्रम्पेटवाला आठवून पाहा. चारपाच तास उन्हात चालायचे, कानावर ऐकून बसवलेली शेकडो गाणी, घोड्यामागून सतत फर्माइशी. दिवे डोक्यावर घेणाऱ्या बायका बाजूने चालतात. वऱ्हाड जेवते तेव्हा तो मांडवाबाहेर असतो. हंगाम संपला की शेतमजुरी नाहीतर दुसरे काही. रस्त्यावर वाजवतो म्हणून त्याला मान नाही, असे कोणी म्हणेल. पण ते खरे नाही. हॉलंडमधली हार्मोनीही राजाच्या वाढदिवसाला आणि सिंटरक्लासच्या आगमनाला रस्त्यावरच वाजवते. दरवर्षी ४ मे रोजी रात्री आठला, युद्धात मेलेल्यांसाठी दोन मिनिटे देश स्तब्ध होतो, त्याच्या आधीचा इशाराही उघड्यावरच फुंकला जातो. रस्ता तोच, वाद्य तेच. फरक एवढाच, की इथे फुंकणारा मंडळाचा सभासद असतो आणि तिथे तो सांगून आणलेला असतो.

गोव्याची वाट थोडी निराळी. चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, त्यामुळे गोव्याचे वादक कागद वाचून वाजवत. त्यांतलाच एक हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ, जन्म १९१६. मुंबईत तो 'चिक चॉकलेट' म्हणून गाजला. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. पुणतांब्याचे राम चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'साठी त्याला बरोबर घेतले, आणि चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसला. चिक १९६७ मध्ये गेला. त्याच्यासारख्या एखाद्याचे नाव राहिले. एरवी त्या काळातल्या चित्रपटांत ट्रम्पेट घुमला की आपण गायकाचे नाव सांगतो, संगीतकाराचे सांगतो. फुंकणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीतही बहुधा नसे.

हे बदलू शकते याचा दाखला पुण्यातच आहे. ढोल-ताशा हेही एकेकाळी सांगून आणायचे काम होते. आज ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या पथकांत इंजिनियर, डॉक्टर, कॉलेजच्या मुली गणपतीच्या आधी कित्येक आठवडे तालीम करतात आणि पैसे न घेता वाजवतात. हे अगदी डच फेरएनिगिंगसारखेच झाले. ढोलाला मान आला, ही चांगली गोष्ट. पण पिढ्यान्पिढ्या वाजवणाऱ्या घरांना त्या मानातला किती वाटा मिळाला, हा प्रश्न उरतोच. आणि वरातीतल्या ट्रम्पेटची जागा तर बऱ्याच ठिकाणी डीजेने घेतली आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या घरात आहे. आपली मुले इथल्या शाळेत आठ-नऊ वर्षांची झाली की एखाद्या दुपारी गावची हार्मोनी वाद्ये घेऊन वर्गात येते, आणि मूल घरी येऊन ट्रम्पेट मागते. फोनवर आजी हसून विचारते, "काय रे, बँडवाला होणार का?" तबला मागितला असता तर कोणी हसले नसते. अशा वेळी मुलाला दोन्ही हकिगती सांगाव्यात : त्याच्या हातातले वाद्य एकेकाळी इथेही सनद असलेल्यांचेच होते, आणि आपल्या देशात तेच वाद्य उत्तम वाजवणारे हजारो हात झाले, ज्यांना कधी खुर्चीही मिळाली नाही.

विद्यार्थ्यांच्या कॉन्सर्टची तिकिटे बहुधा फार महाग नसतात. मुलांना घेऊन जावे आणि पाहुणा वाकून नमस्कार करतो तेव्हा त्याच्या मागे बसलेल्यांकडेही पाहावे. आणि सुट्टीत गावी लग्नाला गेलो की वरातीतल्या ट्रम्पेटवाल्याला त्याचे नाव विचारावे, कोणाकडे शिकला ते विचारावे, आणि पहिल्या पंगतीत त्याचे पान मांडायला सांगावे. यजमान आपणच असलो, तर याला कोणाची परवानगीही लागत नाही.