भीतीचा प्रचार आणि उत्तर मुंबईची निवडणूक

श्रोतेहो, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावं आपल्याला आगगाडीच्या स्टेशनांमुळे ठाऊक असतात. पण १९६२ च्या फेब्रुवारीत या उपनगरांकडे दिल्लीचंच काय, अमेरिकेतल्या पत्रकारांचंही लक्ष लागलं होतं. उत्तर मुंबईतून लोकसभेसाठी काँग्रेसतर्फे उभे होते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, आणि समोर अपक्ष म्हणून आचार्य कृपलानी. कृपलानी म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. चंपारणपासून गांधीजींच्या बरोबरचे, स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष! प्रजासमाजवादी, स्वतंत्र आणि जनसंघ, एरवी ज्यांचं एकमेकांशी पटायचं नाही असे हे पक्ष त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

आता प्रचार कसा झाला ते पाहा. मेनन निवडून आले की कम्युनिस्टांना दार उघडलंच, नेहरूंच्या पश्चात दिल्लीच त्यांच्या हाती जाईल, अशी भीती घातली गेली. कम्युनिस्ट पक्षाचा मेनन यांना पाठिंबा होताच, त्यामुळे या बागुलबुवाला आयतंच खाद्य मिळालं. पण गुरुजी, इथे मुलांना एक गोष्ट नीट उलगडून सांगायला हवी. त्या प्रचारात सगळाच भुसा नव्हता, दाणेही होते. लडाखमध्ये चीन घुसला होता, हे खरंच होतं. ११ एप्रिल १९६१ रोजी लोकसभेत कृपलानींनी याच प्रश्नावर मेनन यांना धारेवर धरलं होतं. सैन्यात गटबाजी माजवल्याचा आरोपही केला होता. प्रश्न चोख होता. पण त्याच्याभोवती बागुलबुवा नाचवला, म्हणून त्याच्यासकट लोकांनी तो झटकून टाकला, असं मला वाटतं.

बरं, काँग्रेसचं पारडं जड कशानं झालं? डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला होता, आणि मुंबईत गोवेकरांची नि कोकणातल्यांची घरं काय थोडी आहेत? शिवाय मेनन यांना विरोध म्हणजे आपल्या धोरणालाच विरोध, असं पंडितजींनी स्पष्ट सांगून टाकलं. दिलीपकुमारसुद्धा प्रचाराला उतरले. मेनन जिंकले ते सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी!

आणि आठच महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला. ७ नोव्हेंबरला मेनन यांनी राजीनामा दिला.

१९६७ साली काँग्रेसने त्यांना तिकीटच दिलं नाही. मग ते अपक्ष उभे राहिले, ईशान्य मुंबईतून, घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर ज्यांनी पुणं सावरलं ते. या खेपेला भीती निराळी होती : हा केरळचा, परका. १९६६ साली निघालेली शिवसेना दाक्षिणात्यांविरुद्ध बोलत होती, आणि नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मराठी तरुणाच्या मनाला ते झोंबत होतं. या भीतीच्या तळाशीही बेकारी होती, ती काही खोटी नव्हती. मेनन सुमारे १३ हजार मतांनी हरले. बर्वे लगेचच, मार्चमध्ये वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं.

मेनन १९६९ साली पुन्हा लोकसभेत गेले, ते बंगालमधल्या मिदनापूरहून. तेही काही त्यांचं गाव नव्हतं.