वडगावची लढाई पटावर मांडताना

पटावरच्या शिशाच्या सैनिकाला भीती वाटत नाही. म्हणून चकमकीच्या खेळाचे नियम करणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते : गोळीबारात सापडलेल्या, पण गोळी न लागलेल्या माणसाचे काय करायचे? एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या तोफांनी सैनिक पाडायचा खेळ सांगितला. त्यात पडला तो मेला, उभा राहिला तो जसाच्या तसा लढायला तयार. हा हिशेब मावळात लावून पाहा.

रघुनाथरावांना पुण्यात सत्तेवर बसवण्यासाठी १७७८च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज निघाली. सोबत १९,००० बैल! बोरघाट चढून आल्यावर तिची चाल इतकी मंदावली, की दिवसाला मैलभर अंतरही धड कापले जाईना. मराठे समोरासमोर ठाकत नव्हते. तोफा, बाण आणि घोडदळाच्या घिरट्या यांनी तिला विसावू देत नव्हते. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले. ९ तारखेला फौज तळेगावला पोहोचली, तर गाव जाळून ओसाड केलेले. ११च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून तिने माघार घेतली आणि वडगावला वेढली गेली. पिछाडीला कॅप्टन हार्टलेच्या तुकडीने हल्ल्यामागून हल्ले परतवले. तरीही यापुढे माघार घेणे अशक्य आहे, असे कर्नल कॉकबर्नने ठरवले आणि तह झाला. फौजेचा मोठा भाग तेव्हा जिवंत होता. फक्त मुडदे मोजणाऱ्या नियमांना हा निकाल सापडणार नाही.

आता वर्गात हार्टलेची पिछाडी मांडू. वीस सोंगट्या, एक सोंगटी म्हणजे एक शिपाई. ज्याच्यावर गोळीबार झाला, पण जो वाचला, त्याच्यासाठी दोन फासे टाकायचे. बेरीज ७ किंवा जास्त आली तर तो लढत राहील. कमी आली तर 'दबला', म्हणजे बांधाआड पडून राहील, पुढच्या डावात ना चालेल ना गोळी झाडेल. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २१ मध्ये तो टिकतो. अधिकारी जवळ असेल तर बेरजेत १ मिळवा : ३६पैकी २६. निम्मे सोबती पडले असतील तर २ वजा करा : ३६पैकी केवळ १०. अधिकाऱ्याचे वजन आणि सोबत्यांची सोबत अशी आकड्यांत दिसू लागते. कार्ल्याच्या एका मृत्यूचा अर्थही कळतो : स्टुअर्टची सोंगटी उचलली, की त्याच्या भोवतीच्या प्रत्येक शिपायाचे २६चे २१ होतात.

७ हा आकडा मी निवडला, इतिहासाने दिलेला नाही. विद्यार्थ्यांनी ६ किंवा ८ घेऊन पाहावे. ८ घेतला तर टिकण्याच्या शक्यता १५वर येतात आणि पिछाडी पहिल्या काही डावांतच कोलमडते. हार्टलेची कोलमडली नव्हती. नियम बरा की वाईट हे असेच तपासावे लागते.

खरी अडचण कॉकबर्नची. खेळाडूला सगळा पट दिसतो, त्याला अंधारात फक्त आवाज ऐकू येत होते. यावर प्रशियाच्या फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या युद्धखेळात उपाय काढला होता. नकाशा १ : ८०००चा, एक डाव दोन मिनिटांचा, आणि मध्ये पंच. दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाला देत आणि आपल्या सैन्याला दिसेल तेवढेच त्यांना कळे. वर्गात पंच शिक्षकाने व्हावे. इंग्रज बाजूच्या मुलांना पटाकडे पाठ करून बसवावे, आणि गोळीबार कोणत्या दिशेने ऐकू आला एवढेच त्यांना सांगावे.