नडगीचे हाड आणि हजेरीपट

मोडलेले हाड पुन्हा जुळते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ते जुळेपर्यंत घर कशावर चालते, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या धड्यात येत नाही. आपण दोन्ही गोष्टी एकत्र पाहू.

मुलुंड-घाटकोपरच्या कारखान्यातील कामगाराच्या पायावर अवजड यंत्रभाग पडला आणि नडगीचे हाड मोडले, असे समजा. मोडलेल्या जागी रक्त गोठते, मग कूर्चा व कच्चे हाड तयार होते. नडगीचा रक्तपुरवठा बेताचा असल्याने तिला चार-सहा महिनेही लागतात. तोवर तुकडे हलू न देणे, हेच मुख्य काम. डच लष्करी शल्यवैद्य मॅथाइसन यांनी १८५१ च्या सुमारास त्यासाठी कापडी पट्ट्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड चोळली. भाजून पाणी घालवलेले जिप्सम भिजताच पुन्हा घट्ट होते. वर्गात हे जरूर करून दाखवावे. १९३९-४० मध्ये जर्मनीत क्युंट्शर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसवली. महिनोन्महिने खाटेला खिळणारा रोगी त्यामुळे लवकर कुबड्यांवर उभा राहू लागला.

पण मजुरीचे काय? १९२३ च्या भरपाई कायद्याने जखमी कामगाराला साधारण निम्मी मजुरी देऊ केली, तीही पहिले दहा दिवस वगळून. (ही अट तीन दिवसांवर यायला १९५९ उजाडले!) शिवाय पैसे मालकाकडूनच मिळवायचे. अशा स्थितीत हाड कच्चे असतानाच माणूस कामावर गेला, तर त्याला अडाणी म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला; तेव्हा मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५४ मध्ये योजना मुंबईत आली. पुढे मुलुंड, अंधेरी, कांदिवली येथे तिची रुग्णालये झाली. अपघातभत्ता कालांतराने सरासरी मजुरीच्या ९० टक्क्यांवर गेला. याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने अपघाताच्या रजेत कामावरून काढण्यास मनाई केली. हे कलम आम्हांला सळईइतकेच मोलाचे वाटते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत दोन्ही जुने कायदे सामावले गेले.

हाड जुळले तरी प्लास्टरमध्ये आखडलेला गुडघा आणि वाळलेली पोटरी पूर्ववत व्हायला आणखी आठवडे लागतात. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये याच कामासाठी उभी राहिली. घाटकोपरहून तिथे जायचे, तर आधी कुबड्या घेऊन स्टेशनचा जिना चढावा लागे.